दहा ते दोनचा उजेड

कार्तिकातल्या अमावस्येला, रात्री सव्वादहाच्या सुमारास, राजलक्ष्मीच्या बांधावर एक अनोळखी तरुण येऊन उभा राहिला आणि शेतातले सगळे दिवे बंद करावेत, अशी त्याने अत्यंत सभ्यपणे विनंती केली.

दिवे थोडेथोडके नव्हते. दोन एकर ड्रॅगन फ्रूट, सिमेंटच्या खांबांच्या रांगा आणि रांगांवर टांगलेले सहाशे बल्ब. लोणी भापकरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला, एवढा झगमगाट पूर्वी कोणी पाहिला नव्हता.

"तुमी कोण?" राजलक्ष्मीने विचारले.

"अविराज. सणसरचा. साखर कारखान्यात केमिस्ट हाय." त्याच्या कपाळावर लाल काचेची बॅटरी बांधलेली होती, ती त्याने घाईघाईने विझवली. "वर डोंगरावर कॅमेरा लावलाय. ताऱ्यांचे फोटो काढतो."

"मग काढा की. तारे वर हायत, बल्ब खाली."

"पण तुमचा उजेड वर येतो…" तो अंमळ घुटमळला. "ध्रुवाच्या बरोबर खाली तुमचं रान येतं."

वस्तीच्या ओट्यावर धोंडाबाई आत्या घोंगडी पांघरून बसल्या होत्या. रात्रीच्या कामाला भाचीला एकटी सोडायची नाही, हा त्यांचा नेम. त्या तेथूनच म्हणाल्या, "दिवे घालवा म्हणत दारात आलेला चोर आजवर बघितला न्हवता बाई."

राजलक्ष्मी हसली नाही. थंडीत दिवस लहान होतो आणि ड्रॅगन फ्रूटचे झाड फुलायचे थांबते. रोज रात्री दहा ते दोन त्याच्यावर उजेड धरला, तर त्याला दिवस मोठा झाल्याचा भास होतो आणि ते अवेळी कळ्या धरते. त्यात एका रात्रीचाही खंड पडता कामा नये, असे तिला शिकवणाऱ्यांनी बजावले होते. तिचे वडील कुंडलिकराव जन्मभर ऊस लावत आलेले. त्यांनी लेकीला महाशिवरात्रीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर कळ्या दिसल्या, तर रान तिचे. न दिसल्या, तर खांब उपटायचे, ऊस लावायचा आणि आलेल्या स्थळांपैकी एकाला तिने मुकाट होकार द्यायचा. कुंडलिकराव दिलेला शब्द मागे घेत नसत. सोयीचा असो वा गैरसोयीचा.

"दोननंतर या," ती म्हणाली. "दोननंतरचा सगळा अंधार तुमचा."

"मला तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत सलग पायजे. कॅमेरा एका जागी ठिवला, की तारे ध्रुवाभोवती कसे फिरले त्याच्या रेघा उमटतात. मधी उजेड आला की रेघ तुटते."

"आन् माझ्या झाडाला मधी अंधार आला की कळी हुकते."

त्याने क्षणभर विचार केला, मान लववली, आणि आला तसा डोंगर चढून गेला. हुज्जत न घालता माघार घेणारा पुरुष राजलक्ष्मीच्या पाहण्यात फारसा नव्हता. तिने त्याची नोंद घेतली.

प्रकरण तेथेच संपायला हवे होते. परंतु अविराज पुढच्या सुट्टीच्या रात्री आला, त्याच्या पुढच्याही. कारण विचारले तर म्हणे, दोन वाजायची वाट पाहतोय. वाट पाहायला डोंगराचा माथा का पुरत नाही, हे आत्यांनी विचारले. तेव्हा वर वारा फार, असे उत्तर मिळाले.

"सणसरला वारा नसतो व्हय?" आत्या म्हणाल्या.

"असतो आत्या. पण तितं चहा न्हाय."

"हितं तरी कुणी दिला?"

राजलक्ष्मी उठली आणि तिने चुलीवर आधण ठेवले.

त्याने तिला कृत्तिका दाखवल्या, मृग दाखवला, व्याध दाखवला. तिने त्याला बल्बचा सांधा कसा बांधायचा ते दाखवले. तो शिडीवर चढून जळके बल्ब बदलू लागला. आपल्याच फोटोची नासाडी करणारे दिवे तो स्वतःच्या हाताने लावतो आहे, ही गोष्ट तिच्या ध्यानात आली… पण ती बोलली नाही. त्यानेही दिवे बंद करण्याचा विषय पुन्हा काढला नाही. एकदाही नाही.

पौषातल्या अमावस्येला त्याने कारखान्यातली पाळी बदलून घेतली होती. आभाळ धुतल्यासारखे होते. संध्याकाळी डोंगराकडे जाताना तो इतकेच म्हणाला, "आज जेवढं भेटंल तेवढं."

दहा वाजले. आत्यांचा डोळा लागला होता. राजलक्ष्मी विजेच्या पेटीसमोर उभी राहिली, बटणावर बोट ठेवले, आणि ते काढून घेतले.

रान काळोखात राहिले. उद्या झाडाने दगा दिला तर दोष कोणाचा, याविषयी तिच्या मनात संदेह नव्हता. ती ओट्यावर बसून डोंगराकडे पाहत राहिली.

अर्ध्या तासाने माथ्यावर एक उजेड हलला. लाल नव्हे, पांढरा, भक्क. तो खडकांतून वेडावाकडा घसरत, थांबत, पुन्हा धावत खाली येऊ लागला. सव्वाअकराला अविराज बांधावर पोचला, तेव्हा त्याचा गुडघा फुटलेला होता आणि हातात टेस्टर होता.

"फ्यूज… फ्यूज गेलाय का? फोन का उचलत न्हाय?"

"फोन आत हाय."

"मग लाईट?"

"मीच लावली न्हाय."

त्याला समजायला वेळ लागला. "का?"

"तुमाला सलग रात्र पायजे व्हती ना."

तो मटकन बांधावर बसला. "आवो, एवढी मोठी बॅटरी घिऊन मी सगळा डोंगर उतरलो कॅमेऱ्यासमोरून."

"ते दिसलं मला. जरा दमानं यायचं."

"तुमचं झाड…"

"आधी गुडघा पुसा."

मागे दार वाजले. कुंडलिकराव बाहेर आले होते. काळोख्या रानाकडे, मग दोघांकडे त्यांनी पाहिले.

"लाईट का बंद?"

"आबा, फ्यूज…" अविराजने सुरुवात केली.

"फ्यूज न्हाय," राजलक्ष्मी म्हणाली. "मी बंद ठिवली, आबा. ह्यांच्या फोटोसाठी. ह्यांनी मागितलं न्हवतं."

कुंडलिकरावांनी घड्याळ पाहिले. "शेतीची वीज दोनला जाती," ते म्हणाले. "उरलं तेवढंच झाडाला. मुदत हाय तीच." आणि ते आत गेले.

तिने बटण दाबले.

महाशिवरात्रीच्या सकाळी कुंडलिकराव काठी घेऊन रांगा पाहायला निघाले. अविराजही आला होता, बोलावणे नव्हते. सहा रांगांत काही नव्हते. राजलक्ष्मी वडिलांच्या मागे चार पावलांवर चालत होती, हात पदराखाली घट्ट. सातव्या रांगेत कुंडलिकराव वाकले. काटेरी फांदीच्या कडेला हिरवी, बोराएवढी कळी होती. तिच्या शेजारी दुसरी. आठव्या रांगेत पुष्कळ होत्या.

"खांब ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "स्थळवाल्यांनाबी न्हाय म्हणून कळवतो." आणि ते पुढे मोजत गेले.

राजलक्ष्मी बांधावर आली. लख्ख उन्हात ती त्याला प्रथमच पाहत होती. कानशिलावर दोन केस पिकलेले होते. रात्री ते दिसले नव्हते.

"आल्या," ती म्हणाली.

"कळलं. तुमच्या चालण्यावरून." त्याने घसा खाकरला. "नसत्या आल्या तरी मी एक सांगणार व्हतो. आता आल्यात, तरी…"

"मला कशाला सांगता? मला ठाऊक हाय."

"मग?"

"आबा त्या खांबापाशी उभे हायत. त्यांना सांगा."

"आत्ताच?"

"डोंगर उतरताना मुहूर्त बघितला व्हता का?"

अविराजने शर्ट नीट केला आणि रांगेत शिरला. राजलक्ष्मी तेथेच उभी राहिली, ताठ, पाठ फिरवून. बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. मग अविराजचा दबका आवाज, आणि मग वडिलांचा, नेहमीसारखाच कोरडा:

"पाव्हणं, उन्हात का हुबं? ओट्यावर चला. राजे, च्या ठिव."