रिकाम्या खोलीची मोजणी

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या नव्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शर्मिला स्टुलावर चढून भिंतीला एक पांढरी डबी बसवत होती. स्वारी इतकी खुशीत होती की स्टूल डगमगतंय याचंही भान नव्हतं.

डबी कसली, तर रडार! मुळात सैन्यासाठी केलेलं. भिंतीपलीकडे किती माणसं जिवंत आहेत ते नुसत्या श्वासावरून सांगणारं. खराडीतल्या तिच्या छोट्याशा कंपनीनं तेच म्हाताऱ्या माणसांसाठी घरात आणायचं ठरवलं होतं. कॅमेरा नाही, अंगाला वायर नाही. माणूस पडला, श्वास अडला, की मुलांच्या मोबाइलवर घंटा! चाचणीचं पहिलं घर कुणाचं, यावर तिनं ऑफिसात कुणाला तोंडच उघडू दिलं नाही. घर तिच्या बाबांचं.

कारण सरळ होतं. जर्मनीतली दोन वर्षांची नोकरी दारात येऊन उभी होती, आणि आई गेल्यापासून बाबा, म्हणजे पोपटराव, एकटे राहत होते. डबी चालली तर ती जाणार, नाही चालली तर नाही. उद्या ऑफिसात मोठी मंडळी हे यंत्र बघायला येणार होती, त्यामुळे आजच सगळं लागायला हवं होतं.

"बाबा, दहा मिनिटं खाली जा बरं. यंत्राला आधी रिकामी खोली दाखवावी लागते."

"मला घराबाहेर काढल्यावर मग माझी काळजी घेणार व्हय ते?" खडकीच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेले पोपटराव चपला घालत म्हणाले. "बरं हाय की."

ती स्वतःही बाहेर येऊन दार ओढून जिन्यापाशी उभी राहिली. रिकाम्या खोलीत जे काही हलताना दिसेल, पंखा म्हणा, पडदा म्हणा, ते यंत्र लक्षात ठेवतं आणि पुढं कायमचं मोजणीतून वगळतं. काम एवढंच. पण मोबाइलवर लाल अक्षरं आली. खोली रिकामी नाही. हालचाल, मिनिटाला अकरा.

तिनं आत जाऊन पंखा बंद केला. पडदे गुंडाळले. फ्रिजचं बटण बंद केलं. दरवेळी बाहेर येऊन पाहिलं, तरी अकरा. शेवटी घराचा मेन स्विच पाडला. डबी स्वतःच्या बॅटरीवर चालू होती. अकरा. भर दुपारची वेळ, बाहेर टळटळीत ऊन, आणि आत त्या कोऱ्या भिंतींना ओल्या मातीचा वास येत होता. या घरात त्यांच्याआधी कुणी राहिलेलंही नव्हतं.

तिनं ऑफिसात आमोदला फोन लावला. हा सदाशिव पेठेतला, यंत्राचा सगळा प्रोग्रॅम त्याचाच.

"दाब 'मान्य'," आमोद म्हणाला. "आपण नेहमी तेच करतो. पुण्यात रिकामी खोलीसुद्धा गप्प बसत नाही."

ती खळखळून हसली आणि तिनं 'मान्य' दाबलं.

मग काय विचारता! पोपटराव वर आले आणि मोबाइलच्या पडद्यावर आकडा झळकला. माणूस एक, श्वास सतरा. ते गादीवर मुद्दाम धपकन पडले, तर दुसऱ्या सेकंदाला तिच्या मोबाइलवर घंटा! बाप-लेक लहान पोरांसारखे हसत सुटले. तीन वेळा पडून झालं तरी पोपटरावांची हौस फिटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी खराडीच्या ऑफिसात एक निवृत्त कर्नल आणि दोन मोठे डॉक्टर समोर बसले होते. भिंतीवर भला मोठा पडदा. मांजरीच्या घरात पोपटराव सांगितल्याप्रमाणे खुर्चीत बसलेले. माणूस एक, श्वास सतरा. कर्नलसाहेबांनी टाळी वाजवली. शर्मिलाचा ऊर भरून आला. जर्मनी पक्की झाली होती!

आणि तेवढ्यात आकडा बदलला. माणूस शून्य.

तिनं लगेच बाबांना फोन लावला. पलीकडे दोनच रिंग वाजल्या.

"बोल गं."

"बाबा! बरे आहात ना?"

"ठणठणीत. खुर्चीतच बसलोय..."

पडद्यावर शून्यच होता. तिनं सुटकेचा श्वास सोडला आणि आमोदकडे पाहिलं, झाला ना तुझ्या यंत्राचा पचका, अशा नजरेनं. पण आमोद हसत नव्हता. त्यानं वगळण्याआधीची मूळ नोंद उघडली होती.

"यंत्र बिघडलेलं नाही, शर्मिला," तो हळूच म्हणाला. "सतरावाला माणूस आत्ताच उठून दाराबाहेर गेलाय. खुर्चीत श्वास चालू आहे... पण तो अकरा आहे. कालचा. आपण वगळायला सांगितलेला."

पाहुण्यांना तसंच सोडून ती निघाली. मुंढव्याच्या पुलावर गाड्या खोळंबलेल्या, आणि ती हॉर्नवर हॉर्न मारत रडकुंडीला आलेली. नको मला जर्मनी, नको काही, बाबा तेवढे नीट असू देत, एवढंच ती घोकत होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत खुर्चीत पोपटराव! तेच धोतर, तोच चष्मा, गुडघ्यावर फोन. तिला हुंदकाच फुटला. तिनं खाली बसून त्यांचा हात घट्ट धरला. हात उबदार होता.

"किती घाबरवलंत हो बाबा..."

ते मायेनं हसले. तिचा जीव भांड्यात पडला. आता एकदा खात्री करून घेऊ म्हणून ती घड्याळाच्या काट्याकडे बघत त्यांच्या छातीची हालचाल मोजू लागली. नऊ... दहा... अकरा. मिनिट संपलं.

तिनं हात सोडवून घ्यायला पाहिलं. तो सुटेना.

"बस ना," ते बाबांच्याच आवाजात, अगदी हळू म्हणाले. "तुझे बाबा बाहेर गेलेत. येतील इतक्यात..."