उन्हावर शिजलेलं वरण

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या गल्लीत एकाएकी डोळ्यांवर लख्ख उजेड आला, आणि मी चाचपडत भिंतीला टेकले.

"अवो, लोकायचे डोये फोडता का?"

समोर एक उंच, सावळा तरुण उभा. कवेत परातीहून मोठं, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचं खोलगट ताट. ते घाईनं फिरवताना त्यानं स्वतःच्याच डोळ्यांवर ऊन घेतलं... मला हसू फुटलं.

"सूर्यचूल हाय," तो म्हणाला. "उनावर भात शिजते."

"अन् चांदण्यात कढी होते काय?"

आईच्या खोकल्याचं औषध घेऊन घरी, बार्शीटाकळीला जायच्या मोटारीत बसले, तर हा मागच्याच बाकावर. देवमन त्याचं नाव. अमरावतीच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर. सुट्टीत आत्याकडे निघालेला – आणि ती आत्या म्हणजे आमची शेजारीण केशरबाई.

आमच्या घरी आई आणि मी, दोघीच. चुलीच्या धुरानं आईची छाती खराब झाली होती. डॉक्टरांनी तिला चुलीपुढे बसू नका म्हणून बजावलं होतं. सोयरीक आली की मी नाही म्हणायची. मी गेले तर आई पुन्हा धुरात बसणार होती.

दुसऱ्या दिवशी केशरबाईच्या अंगणात गाव जमलं. देवमननं ताटाच्या मधोमध डेचकी टांगली. ताटावरचं सगळं ऊन तिच्या बुडाशी एकवटणार होतं. आणि नेमकं आभाळ आलं. भात कच्चाच राहिला. लोक हसत घरी गेले. तो मान खाली घालून बसला.

मी दोन शितं चावून पाहिली.

"मीठ बरोबर हाय," मी म्हटलं.

त्यानं वर पाहिलं... तसं माझ्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

मग मी रोज दुपारी जाऊ लागले. त्यानं डेचकी बाहेरून काळी केली, झाकण घट्ट बसवलं. मी ताट सूर्याकडे वळवत राहायची.

"किती बाभळी चुलीत गेल्या," तो एकदा म्हणाला. "ऊन मात्र कितीबी घ्या, सरत नाही." बोलता बोलता तो जवळ आला.

"तुमी काहून सरकून राहिले?"

"सूर्य सरकला न..."

"तो तिकडं गेला, मास्तर."

तो लाजला. मग हळूच म्हणाला, "पंचफुला, माह्यासंगं येशीन?"

"आईले सोडून नाही येत मी."

"सोडाले कोण सांगते?"

सुट्टी संपत आली तेव्हा त्यानं ती चूल आमच्या अंगणात आणून मांडली. आईनं स्वतः डाळ धुतली, हळद घातली. किती दिवसांनी ती स्वयंपाकाला बसली होती! झाकण उचललं तर नुसती वाफ. धूर नाही, खोकला नाही. वरणाचा एक घास तिनं घेतला, मग दुसरा.

"अन् पावसाळ्यात?" तिनं रोखठोक विचारलं.

"पावसाळ्यात तुमी आमच्या घरी या, मावशी. अमरावतीले. तिथं चुलीपुढे मी बसन."

"आमच्या म्हंजे कोणाच्या?"

सूर्याबद्दल तासन्‌तास बोलणारा देवमन... आता उगाच ताट सूर्याकडे वळवू लागला.

"यायच्या अन् माह्या," मी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. डोळे पुसून तिनं आणखी एक ताटली घेतली.

"मंग बस ना बाप्पा," ती त्याला म्हणाली. "जावई मानूस, उभा काहून राहिला? वरण निवून राहिलं."