डोंगरीसमोरची हाक

शांती नगरच्या कोपऱ्यावर बुटांचं एक दुकान आहे. जानेवारीतल्या एका दुपारी सुचेताबाई साटम नवऱ्याला घेऊन तिथे काळे बूट घ्यायला गेल्या. या गोष्टीची सुरुवात इतकी साधी आहे. मुलाने, परागने, आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला क्रूझचं बुकिंग करून टाकलं होतं. मुंबईहून निघायचं, दीव बघायचं आणि परत. "बाबांना बूट घ्या हं, कॅप्टनला भेटायला सँडल घालून जायचं नसतं," असं सूनबाईंनी दोनदा बजावलं होतं.

"अंकल, साइज?" दुकानदाराने विचारलं.

गुणवंतराव शोकेसकडे बघत राहिले.

"आठ नंबर दिखाओ," सुचेताबाई म्हणाल्या. "उनको सुनाई नहीं देता."

गुणवंतरावांची नोकरी काशीगावच्या बाजूला, पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात, फिटरची. प्रेसच्या धडधडीत आधी डावा कान गेला, मग उजवा. कानातलं मशीन लावून पाहिलं, तर नुसती खरखर. शेवटी ते मशीन टीव्हीखालच्या खणात जाऊन पडलं. सुचेताबाई सुरुवातीला ओरडून बोलायच्या, मग मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवू लागल्या, आणि पुढे पुढे काही हवं असलं की नुसता खांद्याला हात लावायच्या. 'अहो' हा शब्द त्या घरातून कधी गेला ते दोघांनाही कळलं नाही. ऐकणारंच नसेल तर हाक मारायची कुणाला?

तर अशी ही दोघं जहाजावर चढली. सुचेताबाई प्रत्येक गोष्टीला हरखत होत्या. काचेची लिफ्ट, गच्चीवरचा पोहण्याचा तलाव, जेवणाच्या हॉलमधली झुंबरं. गुणवंतराव नव्या बुटांत अवघडून त्यांच्या मागे मागे चालत होते. जहाज कुलाब्याला वळसा घालून उत्तरेला लागलं, तेव्हा दुपार कलत आली होती. तेवढ्यात मोठ्या हॉलमध्ये कॅप्टनच्या भेटीची रांग लागली.

कॅप्टन पन्नाशीचा असेल. उंच, काळासावळा, पांढऱ्याशुभ्र गणवेशातला. फोटो काढून झाला तसं त्याने इंग्रजीत विचारलं, आपण कुठले?

"मीरा रोड," सुचेताबाई म्हणाल्या.

त्याचा चेहराच बदलला. "मग आपण गाववाले की. मी उत्तनजवळच्या डोंगरीचा. धर्माजी तांडेल. आजोबांचं नाव ठेवलंय, हसू नका. आई अजून तिथेच हाय."

गुणवंतरावांना त्यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी आपल्या मनातला प्रश्न सरळ विचारला, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या, सपाट आवाजात. "इंजिन किती हॉर्सपॉवरचं?"

रांगेतले लोक वळून बघायला लागले. सुचेताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "त्यांना ऐकू येत नाही हो," त्या पुटपुटल्या.

कॅप्टनने गुणवंतरावांचा हात धरला आणि हॉलमधल्या लोखंडी खांबावर टेकवला. तळव्याला इंजिनाची थरथर जाणवली असावी. गुणवंतराव हसले, कितीतरी दिवसांनी, अगदी मनापासून.

"सूर्य बुडायच्या सुमाराला आपण आपल्या गावासमोरून जाऊ," कॅप्टन म्हणाला. "दोघं वर या, ब्रिजवर. जिथून जहाज चालवतात ना, तिथे. समुद्रातून आपलं गाव कसं दिसतं ते दाखवतो. माणूस पाठवतो तुम्हाला न्यायला."

ब्रिज म्हणजे जहाजाच्या कपाळावरची एक लांबलचक खोली. तिन्ही बाजूंना काचा, आणि दोन्ही टोकांना दारं. त्या दारांतून पाण्यावर झुकलेल्या अरुंद गॅलऱ्यांत जाता येत होतं. आत देवळासारखी शांतता होती. सुकाणूवर एक माणूस उभा होता, तो मान वळवून बघतही नव्हता. उजव्या हाताला किनारा दिसत होता. डोंगरीच्या टेकड्या, उत्तनचा दीपस्तंभ, आणि त्यांच्या मागे भाईंदरचे टॉवर धुरकट हवेत बुडखा नसल्यासारखे तरंगत होते. डावीकडे नुसतं पाणी, आणि त्यात उतरत चाललेला सूर्य.

गुणवंतराव डावीकडच्या गॅलरीत जाऊन कठड्याशी उभे राहिले. सुचेताबाई कॅप्टनजवळ थांबल्या.

"तुम्ही लहानपणापासून समुद्रावरच?" त्यांनी विचारलं.

"बाबा तांडेल होते. होडीचे कॅप्टनच म्हणा. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, बाकी सगळं कॉलेजात शिकलो."

"काय शिकवलं?"

समोरच्या पडद्यावर एक आकडा चमकत होता, त्याच्याकडे त्याने बोट दाखवलं. "ही पाण्याची खोली. इथे समुद्र उथळ. सव्वीस, सत्तावीस मीटर. पण आपल्या गावासमोर एक जागा अशी येते की या यंत्राला तळ सापडत नाही. थोडाच वेळ. मग परत सत्तावीस."

"यंत्र बिघडत असेल."

"किती जहाजं बदलली, वहिनी. किती यंत्रं." तो शांतपणे म्हणाला. "लांबून जाऊन पाहिलं. पार आत खोल समुद्रातून गेलो. कुठूनही जा, ती जागा वाटेत येतेच. बाबा सांगायचे, तिथे हाक येईल. आली तर ओ द्यायची न्हाय. बस, एवढंच."

सुचेताबाईंना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. "हाक कोण मारतं?"

"ते कुणी बघितलं नाही. आवाज मात्र ओळखीचा असतो. आपलं जे माणूस जहाजावर असेल, त्याचाच. म्हणून मी बायकोला, मुलीला कधी माझ्या जहाजावर आणलं नाही. दोघी रुसतात. आणतो म्हणतो, आणि टाळतो."

"आणि हे एवढे प्रवासी?"

"खाली गाणी चालू आहेत ना? या वेळेला म्युझिक मोठं करा, असं मीच सांगून ठेवलंय." त्याने काचेपलीकडे पाठमोऱ्या गुणवंतरावांकडे पाहिलं आणि किंचित हसला. "दादांना तर कसलीच भीती नाही. तुम्ही फक्त माझ्याजवळ उभ्या राहा. काही ऐकलंत तरी गप्प राहायचं."

दोघं पडद्याकडे बघत राहिले. सव्वीस. सत्तावीस. सव्वीस. सुकाणूवरच्या माणसाने मान खाली घातली. पडद्यावरचा आकडा एकदा थरथरला आणि गेला. त्या जागी नुसती एक रेघ राहिली.

आधी वारा पडला. मग पाण्यावरच्या सुरकुत्या पुढून मागे पुसल्या जाव्यात तशा पुसल्या गेल्या, आणि समुद्र ताटात ओतलेल्या दुधासारखा निश्चल झाला. खालच्या डेकवर तलावाभोवती लोक नाचत होते, त्यांचे हात हलत होते, तोंडं उघडमिट होत होती, पण आवाज नव्हता. मागे जहाजाने कापलेल्या पाण्याचा पांढरा पट्टा असायला हवा होता. तो नव्हता. एवढं अजस्र जहाज चाललं होतं आणि पाण्याला त्याची दखलही नव्हती. जुन्या विहिरीत डोकावल्यावर येतो तसला एक गार, गोड वास वर आला. आकाश कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळेना. सगळीकडे एकच तांबूस उजेड होता, आणि त्या उजेडाच्या खाली, खूप खाली, काहीतरी जागं होतं. ते दिसत नव्हतं. पण आपल्याकडे बघणाऱ्याची जाणीव पाठीला जशी होते, तशी सुचेताबाईंच्या सर्वांगाला झाली. भीती वाटायच्या आधीच त्यांचे हात आपोआप जोडले गेले होते.

किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग काचेपलीकडे गुणवंतरावांनी मान वळवली.

दार वाजलं की माणूस वळतो तशी नव्हे. आतल्या खोलीतून आपलं कुणी बोलावतं, आणि हातातलं काम ठेवून आपण वळतो ना, तशी. सावकाश. त्यांचा चेहरा पाण्याकडे झाला.

"ओ," ते म्हणाले.

सुचेताबाईंनी तो आवाज ऐकला. तो सपाट नव्हता, मोठाही नव्हता. बरोबर पोचेल एवढाच होता. स्वतःचा आवाज ऐकू येणारा माणूस बोलतो तसा.

"आलो गं... आलो."

त्यांनी कठड्याच्या खालच्या दांडीवर पाय ठेवला.

सुचेताबाईंनी ओरडायला तोंड उघडलं. घशातून काहीच निघालं नाही. घसा सुकून खवखवत होता, खूप लांबच्या माणसाला जीव तोडून हाक मारल्यावर खवखवतो तसा. त्या धावल्या. कॅप्टनही धावला. दार ढकलून त्यांनी दोन्ही हातांनी नवऱ्याचा खांदा घट्ट धरला.

गुणवंतराव दचकून वळले. बायकोकडे पाहिलं. मग पाण्याकडे. मग पुन्हा बायकोकडे, न समजल्यासारखं.

"तू इथे आहेस?" ते हळूच म्हणाले. "मग तिकडे..."

तेवढ्यात वारा सुटला. खालून गाण्याचा दणका एकदम वर आला. पडद्यावर सत्तावीस चमकलं. जहाजामागे पांढरा फेस पुन्हा उसळू लागला आणि समुद्र नेहमीचा समुद्र झाला.

कॅप्टनने दोघांना आत घेतलं, दार लावलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"त्यांनी ओ दिली?"

सुचेताबाईंनी मान हलवली. घसा अजून मोकळा होत नव्हता.

"माझी चूक झाली, वहिनी," तो म्हणाला. "त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मी..."

"आता काय होईल?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"बाबांच्या होडीवर एकाने दिली होती. मी तेव्हा शाळेत होतो." कॅप्टन पाण्याकडे बघत बोलत होता. "काही झालं नाही. घरी आला, जेवला. पुढे खूप वर्षं जगला. चांगला जगला. घरच्यांशी बोलणं तेवढं कमी कमी होत गेलं."

"आजारी होता?"

"न्हाय. त्याला कधी एकटं वाटायचं न्हाय, असं म्हणायचे."

केबिनमध्ये आल्यावर जहाजाचा भोंगा वाजला. भिंती हादरल्या, पण गुणवंतरावांची पापणीही हलली नाही. ते पुन्हा तितकेच बहिरे होते. सुचेताबाईंनी मोबाइलवर लिहिलं, काय ऐकलंत?

त्यांनी वाचलं. डोळे भरून आले होते, पण चेहरा उजळलेला होता.

"तू 'अहो' म्हणालीस. लालबागच्या खोलीत असताना म्हणायचीस, तस्सं. पहिल्या वर्षी." ते थांबले. "तुझा आवाज विसरलो की काय, अशी भीती वाटायची मला. कधी बोललो नाही. पण काय स्पष्ट ऐकू आलं गं."

सुचेताबाईंनी लिहिलं, ती मी नव्हते. अक्षरांकडे बघत राहिल्या. मग एक एक अक्षर पुसून टाकलं आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. इतका आनंद त्या माणसाच्या तोंडावर त्यांनी पाहिला नव्हता. तो कुठल्या तोंडाने हिरावून घ्यायचा?

घरी आल्यावर परागने डॉक्टरांकडे नेऊन कान तपासले. डॉक्टरांनी आलेख दाखवला. दोन्ही कान शून्य. एखाद वेळी भास होतो, म्हणाले. सुचेताबाई मधे एकदा बसने डोंगरीलाही जाऊन आल्या. किनाऱ्यावर मासळी वाळत होती, पोरं क्रिकेट खेळत होती, समुद्राचा नेहमीचा आवाज येत होता. जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, इथे समोर पाण्यात एक जागा आहे का? तो त्यांच्या गळ्याकडे बघत राहिला. "जावा घरी, बाई," एवढंच म्हणाला.

दिवस जात राहिले. गुणवंतरावांची तब्येत सुधारली, भूक वाढली. गॅलरीतली खुर्ची त्यांनी पश्चिमेकडे वळवून घेतली. सुचेताबाई मोबाइलवर काही लिहून दाखवायला गेल्या की ते पाहुण्याकडे बघून हसावं तसं हसायचे आणि मोबाइल न वाचताच परत द्यायचे. खांद्याला हात लावला तर अंग चोरायचे.

होळीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, सुचेताबाई स्वयंपाकघरात पुरण वाटत होत्या. गॅलरीतून बोलण्याचा आवाज आला. पराग लवकर आला असेल, असं वाटून त्या हात पुसत बाहेर निघाल्या आणि हॉलच्या दारातच थबकल्या.

गॅलरीत गुणवंतराव एकटेच होते. पाठमोरे, पाय लांब करून बसलेले. जहाजावरच्या त्या संध्याकाळच्या आवाजात, हलक्या, मोकळ्या सुरात बोलत होते. एक वाक्य बोलायचे, मग थांबायचे. मान डोलावून ऐकायचे. मधेच हसायचे.

"अगं, चांगलं चाललंय माझं," ते म्हणाले. "तू सांग. पाणी गार आहे का तिथे?"

हॉलमध्ये विहिरीसारखा वास येत होता.

"हो, आहे ना. आत आहे ती. पुरण वाटतेय." पुन्हा थांबले. बराच वेळ काहीतरी ऐकत राहिले. मग त्यांनी मागे वळून एकदा दाराकडे पाहिलं, सुचेताबाईंच्या अगदी डोळ्यांत पाहिलं, आणि पुन्हा समुद्राच्या दिशेला तोंड करून आवाज खाली आणला.

"बरं... नाही सांगत तिला."