गुडीहत्नूरचं अर्थिंग

ब्याण्णव सालच्या मार्चमध्ये पांडुरंगराव माझ्या दुकानात आले, तेव्हा मी एका मिक्सरची मोटर खोलून बसलो होतो. आदिलाबादच्या कापूस मार्केटमागं माझं वायरिंगचं आणि दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. आपण गुडीहत्नूरच्या मंडल कचेरीत क्लार्क आहोत, एवढं त्यांनी सांगितलं. मग टेबलावरच्या चालू पंख्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकून उंबऱ्याजवळ उभे राहिले.

"घरचं अर्थिंग तपासाचं हाये," ते म्हणाले. "बायकोले करंट सोसत नाही."

"शॉक लागते का?"

"शॉक नाही. लाइट लावला का डोकं घुमते. हातापायाले मुंग्या. तोंडात लोखंडाची चव येते. टीव्ही इकला, कूलर काढला, ट्यूब काढली. मग नागपूरहून एक मशीन आणली. घरातल्या करंटचं इख ओढून घेते ते. फरक पडला. पण पंधरा दिवसांपासून मशीन गुणगुणून राह्यली."

"मग मशीनच पाहतो ना."

"मशीनले हात लावाचा नाही," ते हळूच म्हणाले. "अर्थिंग तेवढं पाहा."

आयटीआयमध्ये शिकलो तेव्हा असा आजार कुठल्या धड्यात नव्हता. नागपूरच्या कुणीतरी या माणसाला टोपी घातली, असंच मला वाटलं. पण एक गोष्ट खटकली. आजार बायकोला, आणि पंख्यापासून लांब हे उभे राहत होते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या बसनं मी गेलो. स्टँडवर पांडुरंगराव वाट पाहत उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, उजव्या मनगटात जाडसर तांब्याचं कडं. गावाबाहेर, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळ्या झालेल्या शेतांच्या कडेला त्यांचं घर होतं. शेवटच्या खांबापासून एकच तार लांबवर ओढत तिथवर आणलेली. चालताना लक्षात आलं की ते त्या तारेखालून जात नाहीत. पांदीच्या, म्हणजे गाडीवाटेच्या, पार दुसऱ्या अंगानं, ढेकळांतून चालतात.

ओसरीवर एक म्हातारी सुपात ज्वारी निवडत बसली होती.

"हे माही मोठी बहीण, देवकाआक्का," पांडुरंगराव म्हणाले. "दफ्तरात आज साहेबाची तपासणी, मुआयना हाये, मले थांबता येत नाही. काही लागलं तं आक्काले सांगा." जाता जाता बहिणीपाशी वाकून ते काहीतरी पुटपुटले. मला एकच शब्द ऐकू आला... मशीन.

घरात शिरलो आणि डोळ्यांपुढं काही दिसेना. बाहेर टळटळीत ऊन, आणि आत खिडक्यांवर तांब्याची बारीक जाळी पडद्यासारखी टांगलेली. जमिनीवर काळी रबराची चटई. ओला कोळसा आणि मिठाचा वास सगळ्या घरात भरला होता. अर्थिंगच्या खड्ड्यात आम्ही कोळसा आणि मीठच भरतो, पण तो खड्डा घराबाहेर असतो. घरात असा वास मी कधी घेतला नव्हता.

मग कोपऱ्यात कुणीतरी हललं.

खाटेवर एक बाई बसली होती. ही रेणुकाबाई, पांडुरंगरावांची बायको. वय सव्वीस-सत्तावीसपेक्षा जास्त नसावं, पण डोक्यावरचे केस बगळ्यासारखे पांढरे. नखं निळसर. तिच्याही उजव्या मनगटात तांब्याचं कडं होतं, मात्र त्याला तार झाळून पक्की केलेली. ती तार फळीवरच्या एका काळ्या डब्यात जात होती. डब्याची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये होती, आणि दुसरी एक तार डब्यातून निघून खिडकीतून मागच्या खड्ड्याकडे गेली होती.

"बाई, हे कडं निघत नाही का?"

तिनं मान हलवली.

"न्हाणीत जाता तवा?"

"तार लांब हाये, दादा," ती म्हणाली. "सारीकडे पुरते."

मला त्या माणसाची चीड आली. एखाद्या जनावराला दावं बांधावं तशी बायको बांधून ठेवायची, आणि वर आजाराचं नाव. खड्ड्यात बिघाड होऊन तारेत करंट उतरला असता, तर ही बाई बसल्या जागी मेली असती.

डबा खरंच गुणगुणत होता. माशी काचेवर आपटत राहते तसा बारीक आवाज.

बारा वाजले. गावातली पिठाची गिरणी धडधडत होती ती बंद पडली. बारा ते तीन आमच्याकडे रोज करंट जायचा, सगळ्या मंडलात. गिरणी थांबल्यावर अशी शांतता झाली की ओसरीवर सुपात पडणारा एकेक खडा ऐकू यायला लागला.

आणि तरी डबा गुणगुणतच होता.

मी मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात घातले. मग टेस्टर काढून रेणुकाबाईच्या तारेला लावला. आतला दिवा लालभडक पेटला. टेस्टर खराब असेल म्हणून सॉकेटला लावून पाहिला, तिथं काही नाही. पुन्हा तारेला लावला... पेटला.

डब्यात बॅटरी लपवली असणार, असं मनात आलं. म्हणूनच हात लावायला मनाई. मी पेचकस काढला आणि चारही स्क्रू सोडून झाकण उचललं.

डबा रिकामा होता. बॅटरी नाही, कॉइल नाही, साधा एक रेझिस्टर नाही. पिनची वायर आत येऊन अधांतरी संपलेली. खड्ड्याची तार आणि बाईची तार, दोन्ही एकमेकींना पीळ घालून ठेवलेल्या. गुणगुण त्या पिळातून येत होती.

पीळ सोडताना हातात रबरी मोजे होते, तरी अंगावर काटा आला. दोन तारा वेगळ्या धरून टेस्टर लावला. खड्ड्याची तार मेलेली. बाईची तार जिवंत.

म्हणजे जमिनीतून तिच्याकडे काही येत नव्हतं. तिच्याकडूनच जात होतं.

पीळ सुटल्याबरोबर गुणगुण बदलली. तुटक झाली, दमलेल्या माणसाच्या श्वासासारखी. घाबरून मी पीळ परत घातला.

"बाई... तुमाले नेमका तरास काय होते?"

तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "मले करंटचा तरास कधीच नव्हता, दादा. त्याईले होता. तीन सालाआधी कूलरच्या जाळीले हात चिकटला त्याईचा. तवापासून लाइट लावला का ते कळवळत. मग हे मशीन आली. देणाऱ्यानं दोन कडे देल्ले. एक बिनतारेचं, एक तारेचं." तिनं मनगट थोडं उचललं. "ते बरे झाले."

"आन तुमी?"

तिनं पांढऱ्या केसांची बट कानामागं सारली आणि म्हणाली, "तोडा ना तार."

"नका तोडू!"

देवकाबाई दारात उभ्या होत्या. सूप हातातच होतं.

"काऊन?" मी विचारलं. "हे काही इलाज नाही, आक्का. हे बाई मरून राह्यली. दिसत नाही का तुमाले?"

"पांडुरंगाले येऊ द्या. तो आला का मंग पाहा."

"तार अंगाले बांधनं धोक्याचं हाये. मी मिस्तरी हावो, मले समजते."

"तुमाले काही समजत नाही," म्हातारी म्हणाली. पण काय समजत नाही, ते सांगेना. मी दोनदा विचारलं. ती नुसती मी पिशवीतून काढलेल्या पक्कडीकडे पाहत राहिली.

रेणुकाबाई पुन्हा म्हणाली, "तोडा ना, दादा..."

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. आज इतक्या वर्षांनीही त्या नजरेचा अर्थ मी लावत बसतो. तेव्हा ती मला विनवणी वाटली. मी पक्कड कड्याजवळ धरली आणि तार तोडली.

गुणगुण थांबली.

"किती वाजले?" रेणुकाबाईनं विचारलं.

"बारा पस्तीस."

ती खाटेवरून उठली, खिडकीपाशी गेली आणि तांब्याची जाळी बाजूला ओढली. ऊन तिच्या तोंडावर पडलं. डोळे मिटून ती तशीच उभी राहिली, थंडीतून आल्यासारखी. मागं सूप आपटलं, ज्वारी रबराच्या चटईवर पसरली. देवकाबाई खाली बसल्या आणि गळा काढून रडायला लागल्या. घरात मयत झाल्यावर बायका रडतात तसं, नाव घेऊन घेऊन. "पांडुरंगा रे... माह्या बापा रे..."

मला काही उमजेना. मी पाण्याचा गडू पुढं केला, तो त्यांनी हातानं लोटला.

दहा-पंधरा मिनिटांनी कचेरीतला शिपाई नागोराव धावत आला. ओसरीच्या पायरीवर त्यानं दम घेतला. आत रडणं ऐकून तो गोंधळला. "तुमाले कोनं सांगतलं?" तो म्हणाला. "आत्ताच तं... सही करता करता टेबलावर पडले. साहेब समोरच बसले होते."

पांडुरंगरावांना सरकारी दवाखान्यात नेलं होतं. मी नागोरावासोबत तसाच गेलो. डॉक्टर तेलुगू होते, मोडक्या हिंदीत म्हणाले, "हार्ट का है." पण ते पुन्हा पुन्हा पांडुरंगरावांचा उजवा हात उलटून पाहत होते. तळव्यावर भाजलेले बारीक चौकोन उठले होते, ओळीनं, एकाला लागून एक. कातडी अजून ओली होती. कूलरची जाळी मी शेकडो वेळा बसवली आहे, ते चौकोन कशाचे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. "ऑफिस में करंट था क्या?" डॉक्टरांनी विचारलं. नागोराव म्हणाला, "नहीं साब, बारा बजे से पूरे गाँव में नहीं है."

मनगटातलं कडं बाजूला काढून ठेवलं होतं. कुणी काढलं विचारलं, तर नागोराव म्हणाला, पडले तेव्हा आपोआपच निघून आलं.

संध्याकाळच्या बसची वाट पाहत होतो तेव्हा देवकाबाई स्टँडवर आल्या. आता त्या रडत नव्हत्या.

"कूलरले चिकटला त्या दिवशी पाव घंटा त्याच्यात जीव नव्हता," त्या म्हणाल्या. "मी तं गावात मयतीचा सांगावा धाडला होता. मंग तो उठून बसला. पन उठला तो करंटले भिऊन, आन दिवसेंदिवस थंडा पडत चालला. कडे घातले तवा कुठं जेवायले लागला, हासायले लागला."

"हे मले तवाच काऊन नाही सांगतलं?"

"सांगून तुमी मानलं असतं?" त्या म्हणाल्या. "एक डाव तिनं कडं काढलं होतं. तो ताटावर बसला होता, घास हातातच राह्यला. मी तिच्या हातात परत घातलं तवा उठला. मंग आमी तार झाळून घेतली."

बस आली. मी चढलो. म्हणजे रेणुकाबाईला ठाऊक होतं. तार तोडली की काय होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तिनं मला वेळ विचारली होती.

पोलिसांनी मला काही विचारलं नाही. विचारायला होतंच काय? रेणुकाबाई तेराव्यानंतर किनवटला माहेरी निघून गेली. पुढं कधीतरी कळलं की ती तिकडच्या शाळेत पोषण आहार शिजवते आणि तब्येतीनं चांगली आहे. मला त्याचा आनंद वाटायला हवा होता.

जूनमध्ये देवकाबाईंचा निरोप आला. घरात अंधार आहे, लाइट लावून द्या. जायचं मनात नव्हतं, पण नाही म्हणवेना. दुपारी पोचलो. त्या ओसरीवर एकट्याच बसल्या होत्या, माझ्याकडे पाहून त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं.

मी आधी खांब पाहिला. कुणी वापरत नाही म्हणून लाइनमननं महिनाभरापूर्वीच घराची तार तोडून नेली होती. खांबावर गुंडाळी तेवढी लोंबत होती. "आक्का, पयले लाइटच्या दफ्तरात अर्ज द्या लागते," मी ओसरीवर परतून त्यांना सांगितलं. त्यांनी पुन्हा आतच बोट दाखवलं.

बोर्ड कसा आहे बघावं म्हणून दाराच्या आत गेलो. तिथं मीटर होतं. काचेवर धूळ बसली होती, ती मी अंगठ्यानं पुसली.

आतलं चाक फिरत होतं. हळू, एकसारखं, आणि उलटं.

घर करंट घेतं तेव्हा ते चाक सुलटं फिरतं. उलटं फिरतं ते घर करंट देत असेल तेव्हा. मी बाहेर येऊन पुन्हा खांबाकडे पाहिलं. तार नव्हती. परत आत गेलो आणि काचेला कान लावला, तर आत तीच बारीक गुणगुण होती. चाक फिरतच होतं.