संगमावरचा दहावा

ओजस, तो फोन उलटा ठेव बघू आधी. आरोही, कुडकुडतेस कशाला, सोफ्यावरची गोधडी घे की पायांवर. हां, आता ऐका. मी चाळीस वर्षं ऑपरेशनं केली, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण यातला माणूस जिवंत आहे, इथून दोन सिग्नल सोडून राहतो, आणि खोटं बोलायला गेला की त्याचे कान लाल होतात. मला सांगताना झाले नव्हते.

आपला गुरुदत्त. गणपतीत ढोल वाजवतो तो. मूळचा कराडचा. त्याची आई, नीलाताई, सप्टेंबरात इकडे अमेरिकेत नातीला बघायला आल्या. नोव्हेंबरचं परतीचं तिकीट होतं. पण तेवढ्यात रत्नाला, म्हणजे गुरुदत्तच्या बायकोला, नवा जॉब लागला. छोट्या अनयाला सांभाळणार कोण? याने तिकीट कॅन्सल केलं. नीलाताईंनी तर बर्फाची धास्तीच घेतली होती. रोज विचारायच्या, "गुरू, मला घरी कधी नेतोस?" हा म्हणायचा, "मार्चमध्ये, आई. नक्की." एकवीस डिसेंबरला पहाटे झोपेतच गेल्या.

आता पंचाईत बघा. अस्थी कराडला न्यायच्या तर याच्या व्हिसाचा शिक्का संपलेला. गेला की परत येता येईलच असं नाही. नोकरी, घर, अनयाची शाळा, सगळंच टांगणीला. मग याने तोड काढली. कराडला कृष्णा-कोयनेचा संगम, तसा इथे मिनेसोटा आणि मिसिसिपीचा. विमानतळाच्या खाली, जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी एक बेट आहे, पाइक आयलंड. त्याच्या टोकाला दोन्ही नद्या मिळतात. दहावा तिथेच करायचा. पिंड ठेवायचा, कावळा शिवला की अस्थी सोडायच्या. कराडकर माणूस, संगम दिसला की झालं! जागा कसली आहे, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही.

"कावळा शिवला म्हणजे व्हॉट, काका?"

पिंडाला चोच लावली रे, वेद. लावली की समजायचं, गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली नाही. नाही लावली, तर घरचे पुढे होऊन कबूल करतात, तुझं अमुक मी बघेन, तमुक मी करीन. नेमकी इच्छा बोलली गेली की शिवतो म्हणतात.

तारीख लक्षात ठेवा. तीस डिसेंबर, दोन हजार चोवीस. सोमवती अमावास्या. फ्यूनरल होमवाल्यांनी अस्थी दिल्या दुपारी तीनला, हा तिथे पोचला चारला. रत्ना तापाने आडवी, म्हणून एकटाच. तांब्याच्या कलशात अस्थी, आणि कलश गुंडाळलेला नीलाताईंनी स्वतः शिवलेल्या गोधडीत. वाटेत एक फलक आहे. घाईत याने तो वाचला नाही.

मी वाचलाय. साल अठराशे बासष्ट, आपल्याकडचं सत्तावन्न होऊन पाच वर्षं झालेली. इथल्या मूळच्या डकोटा लोकांच्या जमिनी घेतल्या, आणि हाकेच्या अंतरावर गोदामं भरलेली असताना त्यांना उपाशी ठेवलं. उठाव झाला. सरकारने तो चिरडला, अडतीस जणांना एकाच दिवशी फासावर चढवलं. आणि त्यांच्या बायका, म्हातारे, लेकरं, सोळाशेच्या वर माणसं, या किल्ल्याखाली नदीकाठी लाकडी कुंपणात हिवाळाभर कोंडली. गोवराची साथ आली, कित्येक तिथेच गेले. उरलेल्यांना बोटीत घालून राज्याबाहेर हाकललं. आणि हा संगम म्हणजे त्या लोकांचं मूळस्थान बरं का. आपले पूर्वज इथूनच आले, असं ते आजही मानतात.

तर गुरुदत्त टोकाला पोचला. कागदी प्लेटमध्ये पिंड, दहीभात, आईला आवडायचं ते भरलं वांगं. डोक्यावर विमानांची ये-जा. सूर्य कलला. थंडीत संध्याकाळी मिनिआपोलिसला कावळे मुक्कामाला येतात, तुम्ही बघितलंय ना, हजारोंनी? तसे आले. आकाश काळं झालं. पण एकही खाली उतरला नाही.

हा हात जोडून उभा. "आई, ताईचं सगळं मी बघेन." ताई म्हणजे त्याची बहीण. कावळे वरून निघून गेले. "अनयाला मराठी शिकवेन." नाही. "वर्षश्राद्ध चुकवणार नाही." नाही... खरी इच्छा काय होती ते त्याला पुरतं ठाऊक होतं. तेवढंच तोंडातून निघेना. शेवटचा कावळाही गेला. अंधार पडला. बोटं बधिर झाली. शेवटी वैतागून मोठ्यांदा म्हणाला, "कावळा नाही तर नाही! जे कोणी भुकेले असाल ते या, पण शिवा एकदाचं!"

अरे बाबा, कुठे उभा राहून काय बोललास!

विमानांचा आवाज बंद झाला.

नदीचाही...

मग खोकला आला. लहान मुलाचा. झाडांमागून. मग दुसरा. मग चहूकडून. ओल्या लाकडाचा धूर नाकात गेला. याने फोनचा टॉर्च लावला. पिंड नव्हता. प्लेट पुसून घेतल्यासारखी स्वच्छ. बर्फावर पावलं फक्त त्याचीच.

हा परत फिरला. पायवाट होती तिथे... कुंपण. उभ्या ओंडक्यांचं. डोक्याहून उंच. मघाशी तिथूनच चालत आला होता.

हात लावला. लाकूड. थंडगार. खरं.

उजवीकडे पळाला. कुंपण. डावीकडे. कुंपण.

आणि काखेतली गोधडी खालून कोणीतरी ओढली. हळूच. अनया बाबाचा शर्ट ओढते ना, तेवढ्या उंचीवरून.

त्याने खाली बघितलं नाही.

"काका, स्टॉप इट. प्लीज."

थांबू म्हणतेस, आरोही? तोही थांबला होता. पायच उचलेना.

मग त्या खोकल्यांतून एक आवाज आला. बाईचा. मराठी.

"गुरू... मला घरी कधी नेतोस?"

...

आई आत होती. त्या सगळ्या बायकांत. तिलाही घरी जाता आलं नव्हतं, आणि तिला अडवलं होतं त्याने. दुसऱ्या कोणी नाही. मार्च हा शब्द त्याच्या ओठांवर आला. त्याने गिळला. आणि लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडत म्हणाला, "उद्या नेतो, आई. उद्याच. व्हिसा गेला खड्ड्यात!"

गोधडी फाटल्याचा आवाज झाला. त्याने ती सोडून दिली. कलश छातीशी धरला. दोन ओंडक्यांमध्ये फट दिसली. अंग चोरून बाहेर पडला. मागे वळला नाही. विमानाची घरघर परत ऐकू आली तेव्हा तो गाडीपाशी होता. पाच वाजून चाळीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी खरोखर निघाला. तीन जानेवारीला कराडच्या संगमावर पिंड ठेवून हात मागे घेतो न घेतो तोच कावळा शिवला. इकडे जी भीती होती तेही झालं. व्हिसासाठी सात महिने तिकडेच अडकला, हातची नोकरी गेली. दुसरीकडे लागला तेव्हा कुठे परत आला. पण पस्तावा झालाय असं त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही.

आता शेवटचं. तिकडे कावळा शिवला त्याच तारखेला सकाळी इकडे रत्नाने घराचं दार उघडलं. पायरीवर गोधडी. नीलाताई घालायच्या तशी चौघडी घातलेली. धुराचा वास मारत होती. रत्नाने ती घरात घेतलीच नाही, थेट माझ्याकडे आणली. म्हणाली, "काका, तुम्ही सर्जन. हे टाके बघा जरा."

एक कोपरा फाडून घेतलेला. तान्हं पोर गुंडाळायला लागेल तेवढा. आणि फाटलेली कड बारीक टाके घालून परत शिवून दिलेली. दोऱ्याने नाही. जनावराच्या स्नायूची शीर, पूर्वी डकोटा बायका शिवायला घ्यायच्या तशी, सोलून दोऱ्याइतकी बारीक केलेली. असल्या गोष्टी माझ्या बोटांना कळतात. ताजी होती. ओली.

आरोही... अगं, फेकू नकोस तिला. काही करत नाही ती. तुझ्या डाव्या गुडघ्यापाशी ती कड आहे बघ. हात फिरव.

वर्ष होत आलं. अजून ओलीच लागते की नाही?