लाल रेघांचं इंजिन

"आई, नवीन इंजिन नको! जुनंच दुरुस्त कर ना!" खारूने सकाळपासून सतराव्यांदा सांगितलं.

"अगं, ते दुरुस्त होणारं असेल तर ना!" आई बूट चढवत म्हणाली. आई गुरांची डॉक्टर. डोंगरातल्या वस्त्यांवर जायला तिला जीपच लागायची आणि ती जुनी जीप धूर ओकायला लागल्यापासून गॅरेजात पडून होती. "फिटरकाका म्हणतात, ब्लॉकलाच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यालाच, तडा गेलाय. नवं बसवलं की चढणीला जोरही मिळेल. दुपारी मी हो म्हणून टाकणार."

चढण गेली खड्ड्यात! बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचे कपडे देऊन झाले, फोन बंद पडला. उरला होता फक्त त्यांच्या जीपचा आवाज. वळणावर ती आधी खोकायची, मग घरघरायची आणि खारू अनवाणीच फाटकाकडे पळायची. आता जीप आई चालवायची, तरी तो आवाज आला की खारूला क्षणभर वाटायचं, बाबाच आले. तो क्षण तिला हवा होता. रोज हवा होता.

"चल, निदान शेवटचं बघून तरी येऊ," प्रोफेसर म्हणाला. हा तिचा मावसभाऊ, सुट्टीत राहायला आलेला. आपल्याला सगळ्यातलं सगळं कळतं, असा त्याचा समज. खारूचा धाकटा भाऊ ढब्बू तर कुणी विचारायच्या आधीच चपला घालून तयार!

गॅरेजात फिटरकाकांनी ओट्याकडे बोट दाखवलं. "ते बघा तुमचं इंजिन. आणि डोळ्यांनी बघा, हातांनी नाही!"

काकांची पाठ वळताच खारूचा हात ब्लॉकवर गेलाच. बोटभर लांबीचा तडा होता खरा. पण तिच्या कपाळाला आठी पडली.

"प्रोफेसर, लाल कुठाय?"

"काय लाल?"

"अरे, बाबा इंजिनाचं काम स्वतः करायचे. बोल्ट आवळला की आईच्या नेलपॉलिशने त्यावर रेघ ओढायचे. अर्धी बोल्टवर, अर्धी इंजिनावर! बोल्ट सैल झाला की रेघ मोडलेली दिसायची. बोल्ट काढले तरी अर्ध्या रेघा इथे राहायलाच हव्यात!"

"धुताना गेल्या असतील."

"इथे रॉकेलने धुतात आणि रॉकेलने नेलपॉलिश जात नाही. मी करून बघितलंय, त्यासाठी मारही खाल्लाय! हे इंजिन आपलं नाहीच!"

"ताई, तिकडे बघ, तसंच अजून एक!" ढब्बू ओरडला.

दाराशी टेम्पो उभा होता आणि त्यात अगदी तसलाच ब्लॉक. ड्रायव्हर दोर आवळत होता. "लाकडाच्या वखारवाल्यांचं आहे हे. शहरात मशीनवर घासायला नेतोय."

खारू टेम्पोवर चढली. एक लाल रेघ. दुसरी. आणि तिसरी, वाकडीतिकडी, शेपूट फुटलेली. ती सातव्या वर्षी तिने स्वतः ओढली होती, बाबांनी मनगट धरलेलं असताना.

"प्रोफेसर, आईला आण! जीपचे कागद घेऊन! ढब्बू, तू ह्याच्यावर बस!"

ढब्बू बसला तो बसलाच!

"ए पोरा, ऊठ!" ड्रायव्हर खेकसला.

"ताई म्हणेपर्यंत नाही उठणार!"

"काय पोरखेळ लावलाय?" फिटरकाका तणतणत आले. तेवढ्यात आईही धापा टाकत पोचली. प्रोफेसरने कागदांवरचा इंजिन नंबर मोठ्याने वाचला. ढब्बूला जरा सरकवून काकांनी ब्लॉकवरचा नंबर पुसून वाचला. तोच नंबर! त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"दोन्ही इंजिनं एकाच दिवशी खोलली होती," ते चाचरत म्हणाले. "खडूने नावं लिहिली... आणि मग धुतली."

"खडूने लिहून मग धुतलं?" प्रोफेसरचा चष्मा नाकावर घसरला.

काकांनी कान पकडले. मग ब्लॉक उतरवून नीट तपासला. "तडा नाही. घासून नवे पिस्टन टाकले की झालं. पण डॉक्टरबाई, नवं इंजिन जास्त ओढेल, हे मी अजूनही सांगतो."

सगळे आईकडे बघू लागले. तिने त्या वाकड्या रेघेवरून बोट फिरवलं.

"चढणीला मी सावकाश जाईन," ती म्हणाली. "हेच करा."

"करतो. आणि ह्या पोरांसारखी नजर मला असती ना, तर आज कान पकडावे लागले नसते. शाब्बास रे तुमची!" काका म्हणाले.

बारा दिवसांनी आई जीप आणायला गेली. तिघं फाटकाशी उभे होते. वळणावर कुणीतरी खोकलं, मग घरघरलं!

"ताई, बाबा आले की मी पण पळायचो?" ढब्बूने विचारलं.

"तू माझ्या कडेवर असायचास. फाटक मी उघडायचे."

"मग आज मी उघडतो!"

जीप आत आली. आईने पर्समधून नेलपॉलिशची नवी कोरी बाटली काढून खारूच्या हातात दिली. "फिटरकाकांना सांगून आलेय, रेघा ओढायचं काम आमच्या घरचं."

खारूने डोळे पुसले आणि बाटली उघडली. रेघा ओढायच्या तर आधी इंजिन बंद करायला हवं होतं. पण आईने ते बराच वेळ बंद केलं नाही आणि तिला तसं कुणी सांगितलंही नाही.