पुतळ्याचा डावा घोटा

मेणाचा नमुना तयार होता, ब्राँझ ओतायला फक्त सही हवी होती. अठरा वर्षांपूर्वी राष्ट्रीय अंतिम सामन्यात खो-खोपटू ऋतुजा धायगुडेने खांबावरून मारलेला तो सूर! शेवटचा गडी बाद झाला, महाराष्ट्राला सुवर्ण मिळालं आणि हवेत वळलेल्या त्या देहाचं चित्र शाळाशाळांत लागलं. त्यानंतर ऋतुजा कधी धड चालली नाही. पाय चुकीचा टाकलास, असं तिचे प्रशिक्षक बर्गे सर म्हणाले होते, आणि तिनेही इतकी वर्षं स्वतःलाच दोष दिला होता.

आज तेच बर्गे सर पुतळा समितीचे अध्यक्ष म्हणून प्रयोगशाळेत ऋतुजासमोर मिरवत होते.

"याला आम्ही बलचित्रण म्हणतो," प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. अफरोज मुजावर पडद्याकडे हात करत सांगू लागल्या. "जुन्या चित्रफितीत त्वचा कशी हलली, यावरून आतल्या प्रत्येक स्नायूवरचा आणि हाडावरचा ताण काढता येतो. तो ताण ब्राँझमध्ये उतरवला की पुतळा जिवंत वाटतो. पण सर, डाव्या घोट्याचं हाड आदल्या दिवशीच, उपांत्य सामन्याच्या फितीत तडकलेलं दिसतंय."

ऋतुजा बर्गे सरांकडे वळली. "नुसतं मुरगळलंय म्हणालात आणि इंजेक्शन दिलंत. तेव्हा काढलेला एक्स-रे बघितला होता ना तुम्ही?"

बर्गे सरांनी चष्मा पुसायला घेतला. "अगं, सुवर्ण आलं की नाही? आता कशाला उकरून काढतेस?"

ऋतुजाच्या अंगाचा तिळपापड झाला. "मॅडम, हाड शाबूत आहे असं धरून गणित करा."

पडद्यावरची विशीतली ऋतुजा खांबापाशी आली आणि सरळ झेपावली. ते नावाजलेलं वळण कुठेच दिसेना.

"ते वळण म्हणजे दुखरा पाय वाचवायची शरीराची धडपड होती," मुजावर हळू आवाजात म्हणाल्या. "त्यामुळेच हात चार बोटं लांब पोचला. पाय धड असता, तर गडी निसटला असता."

"बघा!" बर्गे सरांना हुरूप चढला. "म्हणजे माझंच बरोबर होतं. बंद करा ते, मोडक्या पायाचाच पुतळा ओता."

"थांबा. चालू राहू दे," ऋतुजा म्हणाली.

पडद्यावर हरलेली पोरगी उठली, गुडघे झटकले आणि दोन्ही पायांवर भार देत पुन्हा धावत सुटली. ऋतुजाला तिचा हेवा वाटला. एवढा हेवा तिला आयुष्यात कुणाचाच वाटला नव्हता.